चार त्रेपन्न

परवाना हार्डवेअरच्या दुकानात मिळतो,
खिळ्यांच्या खोक्यांशेजारी.
डोरीन विचारते: नर की मादी?
खासगी रान की सरकारी?
ओर्व्हिल त्वेतची मागची चाळीस एकर, मी म्हणते.
ती थांबते, मग टाइप करते.
बाबांचं नाव अजून तिच्या बोटांत आहे.

त्यांच्या नारिंगी जाकिटाच्या पाठीवर
टाचणीची चार भोकं.
आधी नंबर लावायचा नियम गेला,
मग बाबा.

पुस्तिकेतलं वेळांचं कोष्टक
त्यांनी माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं:
आज चार सत्तेचाळीसला बंदूक रिकामी.
मी गोळ्या काढल्या, खिशात टाकल्या.

चार त्रेपन्नला तो आला.
आठ टोकांची शिंगं, नाकपुडीतून वाफ,
रानटी सफरचंदाखाली असा उभा
की उशीर मलाच झालाय.

मैलभर चिटपाखरू नाही.
खिशात गोळ्या वाजतात
दुकानदाराने परत दिलेल्या सुट्ट्यांसारख्या.
तो एक फळ खातो. दुसरं हुंगून सोडतो.

अंधारात चाचपडत मी कोऱ्या परवान्यावर
वेळेच्या रकान्यात लिहिते: ४:५३.
बाकी रकाने तसेच.

डोरीनने विचारलं
तर खोडून टाकीन.
पेन्सिलच आहे.