समजा

फेरीबोटीच्या धक्क्यावर, तिकीटघरामागच्या खोलीत
आम्ही सहाजण. हीटर एकच,
तोही माईमूच्या पायाशी.
एकतीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला
तेवढा मान हवाच.

आठ महिने आम्ही तालिनमध्ये बसून
तिच्यासाठी प्रणाली बांधत होतो.
एकशे चाळीस पानांचा दस्तऐवज, पानोपानी सह्या.
ती विचारते, "हे वाचलंय कुणी?"
कंपनीचे तार्वोसाहेब बाहेर बघतात.
बाहेर समुद्र गोठायच्या बेतात.

मग पिरेत भिंतीवर तीन पिवळे कागद चिकटवते:
समजा. जेव्हा. तेव्हा.
"कोड नको, कलमं नकोत. गोष्ट सांगा.
नावगाव असलेली."

पहिली मीच सांगितली, शहाण्यासारखी:
समजा, प्रवासी बेटावरचा रहिवासी आहे,
जेव्हा तो गाडीसह तिकीट काढतो,
तेव्हा निम्मं भाडं.
सगळ्यांनी माना डोलावल्या. माईमूने नाही.

"समजा," ती म्हणाली, हातमोजे न काढता,
"जुनिपरच्या माळावरचा एंडेल
पलीकडच्या इस्पितळात गेला.
शववाहिका शुक्रवारी शेवटच्या फेरीला येते.
बोट भरलेली.
जेव्हा ड्रायव्हर माझ्यासमोर काच खाली करतो..."

ती थांबली. आम्हीही.
एंडेल प्रवासी की माल?
सवलत त्याला की गाडीला?
रहिवासी धरायचं का त्याला, अजून?
माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

"तेव्हा?" पिरेतने हळूच विचारलं.

"तेव्हा काय! पहिल्या रांगेतली एक गाडी मागे घेते.
कुणी कुरकुरत नाही.
पैसे घेत नाही."

"हिशेबात कधी दिसलं नाही हे," तार्वो म्हणाले.
"'रद्द' म्हणून लिहिते."

त्या रात्री मी तिचे शब्द तिच्याच क्रमाने टंकले
आणि चाचणी चालवली. लाल.
लालच येणार;
आमच्या प्रणालीत अजून कुणी मेलं नव्हतं.

समजा.
इतके दिवस हा शब्द मला
गृहीत धरण्यापुरताच ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागला.
माईमूने चष्मा चढवून ओळ वाचली, बोट टेकवत,
आणि म्हणाली,
"यातलं 'शुक्रवारी' खोड.
माणसं कुठल्याही वारी जातात."