पोचा आलेला डबा

आधी दारातलं काळं पायपुसणं काढलं.
थोरा इझ्बिस्टर त्याच्यापाशी येऊन थबकायची,
पाऊल उचलायची, मागे घ्यायची,
आणि आम्ही आतून म्हणायचो, या की, उघडंच आहे.
तिला तिथे विहीर दिसत होती
हे कळायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला.

ऑर्कनीच्या या बेटावर दुकान एकच, गल्ले तीन.
तिसरा माझा. तिथे घाई चालत नाही.

ती रोज मांजराच्या खाण्याचा एक डबा नेते.
बोका जाऊन सहा वर्षं झाली.
मी एकदा सांगितलं तिला. खरं तेच सांगितलं.
रांगेतल्या सगळ्यांदेखत
तिचा बोका पुन्हा मेला,
त्याच क्षणी, माझ्या तोंडून,
आणि ती हातमोजा दातांत धरून रडली.

आता विचारते, काय म्हणतोय बोका?
‘लाडावलाय,’ ती म्हणते. ‘मासळीशिवाय तोंड लावत नाही.’
मग मासळीचाच डबा.
ती तळहातावर नाणी पसरून पुढे धरते,
मी तिला दाखवत एकेक उचलते.
कधी तीच मोजून देते. बरोबर असतात.

शुक्रवारी तिची सून पिशवीतून डबे परत आणते,
मी पैसे देते, फळीवर मांडते.
त्यातल्या एकाला पोचा आलाय.
तो किती वेळा तिच्या घरी राहून आला
याचा हिशेब मी सोडून दिलाय.

परवा एक पाहुणा, पाठीवर बोजा,
घड्याळात बघत सुस्कारे टाकू लागला.
मागून खेकडे धरणारा रेंडल म्हणाला,
‘बोट चारशिवाय सुटत नाही, दादा.
पोहत जाणार असलास तर हो पुढे.’
सगळ्यांत मोठ्यानं थोराच हसली.

घराकडे जाताना ती कधी चढ सोडून धक्क्याकडे वळते.
मग टपालवाली, नाहीतर न्हाव्याचा पोरगा,
आपलंही काम तिकडेच असल्यासारखं
चार पावलं मागून चालू लागतात.
हात कुणी धरत नाही. तिला खपत नाही ते.

काल ती रिकाम्या हातानं गल्ल्यावर आली.
माझ्याकडे बघत राहिली. ‘तू कुणाची गं?’
मी माझं नाव सांगितलं, आईचं, आईच्या आईचं.
‘अगं, तिनंच तर दिला मला तो! टोपीत घालून.’
हे मला कुणी कधी बोललं नव्हतं.
खरं असेल, नसेलही.
मी विचारलं, रंग कसा होता त्याचा?

‘आहे,’ ती म्हणाली. ‘करडा आहे.’