निव्वळ वजन

भरलेली गाडी या काट्यावर, रिकामी त्या काट्यावर.
भरलेल्यातून रिकामी वजा केली
की उरतं ते निव्वळ.
अकरा हंगाम मी ही एकच वजाबाकी करते आहे,
दुधगावच्या रस्त्याला, दुपारी चार ते रात्री बारा,
खिडकीतून पावती बाहेर सरकवत.

यंदा आणखी एक खिडकी उघडली,
तळहाताएवढ्या काचेची.
तिच्यातून पुण्याच्या सरांचा आवाज डाव्या कानात.
उजवा कान हॉर्नसाठी मोकळा.
बी.कॉम., दुसरं वर्ष, संख्याशास्त्र.
सर म्हणतात, मध्यक म्हणजे
रांगेत बरोबर मधोमध उभा असलेला.
मी बाहेर बघते.
एकोणचाळीस वाहनं. विसावा ट्रॅक्टर
दोन ट्रॉल्यांचा, आश्रुबा मिसाळचा.
तो मोळ्यांवर घोंगडी टाकून निजलेला.
मध्यक असा तोंड उघडं टाकून घोरतो
हे नोट्समध्ये नाही.

सूर्य मावळायच्या आत डबा संपवते.
सासूबाईंचा नेम, आता माझाही:
अंधारात खायचं नाही.
पुढे बारापर्यंत
फक्त मळीचा वास
आणि प्रमाण विचलन.

लोक म्हणतात, कारखाना काटा मारतो.
चौगुल्यांच्या पोराने तर खासगी काट्यावर तोलून आणून
दोन्ही पावत्या माझ्या नाकासमोर धरल्या.
दहा किलोचा फरक.
वाटेत डिझेल जळलं असेल, मी म्हटलं.
तो हसला नाही.

खरं सांगू? काटा मी मारला आहे,
पण झोपेचा.
इकडून तासभर, तिकडून अर्धा,
थोरलीच्या वेणीतून पाच मिनिटं,
आणि नवऱ्याच्या बोलण्यातून किती, ते मोजलंच नाही.
तो हल्ली ताटाशी बोलतो.
याची पावती अजून
कुणी मागितलेली नाही.

त्या रात्री स्वाध्याय पाठवायचा होता
अकरा एकोणसाठच्या आत.
पडद्यावर गोल फिरत होता, फिरतच होता.
अकरा छप्पन्न. खिडकीवर टकटक.
"ताई, नंबर आलाय."
"चार मिनिटं थांबा दादा."
"कामून?"
मी, चाळिशीची बाई, मान खाली घालून म्हटलं,
"कॉलेजचं आहे."
आश्रुबाने विचारलं नाही कुणाचं, कसलं.
मागे वळून रांगेवर ओरडला,
"टेप बंद करा रे! कालेज चालूय!"

टेप बंद केल्याने नेट वाढत नाही.
तरी एकेक गाणं विझत गेलं पार फाट्यापर्यंत,
बैलांच्या गळ्यातलं तेवढं वाजत राहिलं,
आणि अकरा अठ्ठावन्नला
गोल थांबला.
मग त्याचा ऊस तोलला.
सतरा टन तीनशे चाळीस.
आकडा दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

संख्याशास्त्रात बेचाळीस मिळाले.
सासूबाईंनी विचारलं, म्हणजे गं किती?
म्हटलं, पास व्हायला चाळीस लागतात.
त्या म्हणाल्या,
मग वरचे दोन कशाला वाया घालवलेस?

हंगामाच्या शेवटच्या रात्री
गव्हाण थांबली.
इतका आवाज एकदम गेला
की कानात काहीतरी सांडल्यासारखं झालं.
रस्त्यावर गाडी नाही, काट्यावर पाचटाची काडी नाही.
मी केबिनमधून उतरले
आणि प्लेटवर जाऊन उभी राहिले.
लाल आकडे लागले: साठ.
हा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.
फोन आत ठेवून आले,
दोन वर्षांचा अभ्यास आहे त्यात,
पुन्हा उभी राहिले.
साठ.

बाराच्या पाळीचा कुदळे सायकल लावत म्हणाला,
"मगदूम मॅडम, काय तोलताय?"
"रिकामी गाडी," मी म्हटलं.
"नोंद नको."