पंचेचाळीस अंश

अठरा वर्षांत पहिल्यांदाच
रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : सहल.
साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, कुठं?
मनोरी.
अरे, ती तर आपल्याच हद्दीत येते.
येते. मार्व्याहून पाच मिनिटांची बोट.
पण कुंदानं बोटीत पाय टाकताना
साडी अशी काही सावरली
की मीही खिसा चाचपला,
पासपोर्ट राहिला की काय.

खोली हिल्डाबाईंची.
दारावर क्रूस, पायरीवर मांजर,
व्हरांड्यात क्रोटनच्या कुंड्या,
कुंड्यांखाली बशा,
बशांत पाणी.
मी बघितलं नाही.
मी रजेवर होतो.

ऊन उतरल्यावर वाळूत बसलो
तशी आधी मुरकुटं आली.
दिसत नाहीत, नुसती चावतात,
घोट्याला, कानामागं,
बांगडी सरकून उघड्या पडलेल्या मनगटाला.
कुंदानं खोबरेल चोळलं,
त्यावर लिंबू, त्यावर पुन्हा खोबरेल,
आणि म्हणाली, आता फक्त मीठ राहिलं,
मग तळायलाच घ्या.
रेवती दोन्ही पायांनी खाजवत हसत होती,
बाबा, तुम्हाला तर हे सगळे नावानं ओळखत असतील.

नावानं नाही. वासानं ओळखत असतील.
माझ्या तिन्ही शर्टांना धुराचा वास आहे,
धुऊन जात नाही, कुंदाला विचारा.

रात्री मच्छरदाणी सोडली.
तिला एक भोक होतं, त्याला हिल्डाबाईंनी
निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं, शेजारी दुसरं होतं.
कासवछाप पेटवली. लाइट गेले.
टॉर्च भिंतीवर धरला तर
एकजण बसलेला, मागची बाजू वर,
पंचेचाळीस अंशांत.
मलेरियावाला असाच बसतो,
आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.
आणि तो मुळी तो नसतोच. चावते ती मादी.
झोपा आता, कुंदा म्हणाली, ड्युटी नाही.

झोप लागली त्यांना.
मला परळची जिनं दिसायला लागली,
पाचवा मजला, वर लोखंडी शिडी, वर टाकी,
टाकीचं झाकण फुटलेलं, त्यावर फरशीचा तुकडा.
दारं. साखळी लावून उघडणारी दारं.
आत्ता पूजा चालू आहे. आत्ता मॅडम झोपल्यात.
उद्या या.
मी रजिस्टरात "बंद" लिहून पुढं जायचो.
एका दारावर ते दोनदा लिहिलं.
तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते उघडंच होतं,
आत माणसं खाली बसलेली,
मनीप्लांट खिडकीत, बाटलीत, टवटवीत,
आणि एक बाई मला म्हणाली,
ओरडून नाही, चहा विचारावा तसं,
या ना, बघून घ्या.

किती वाजले होते माहीत नाही.
अनवाणी व्हरांड्यात गेलो.
पहिल्या बशीत काही नव्हतं.
दुसरीत होत्या,
टॉर्च पडताच खाली पळणाऱ्या
वेलांट्या आणि स्वल्पविराम,
कुणीतरी ओळ लिहायला घेऊन
अर्ध्यात सोडल्यासारखे.
वाळूत ओतल्या.
बशी बोटानं कडेकडेनं पुसली, अंडी कडेला चिकटतात.
तिसरी. चौथी.
कुंडी उचलताना कण्हलो असेन,
खिडकीत हिल्डाबाई उभ्या राहिल्या, केस मोकळे.
काय करतोस रे बाबा, एवढ्या रात्री?
काय सांगणार?
पाणी बदलतोय, म्हणालो.
सकाळी केलं असतं मी, त्या म्हणाल्या,
आणि खिडकी लावून न घेता
तिथंच उभ्या राहून बघत राहिल्या.

आत येऊन काडेपेटीच्या पाठीवर
सवयीनं लिहिलं :
बशा अकरा. आढळल्या चार.
मच्छरदाणीत शिरताना
कुंदा झोपेत स्वतःचं कोपर खाजवत होती.
तिचा हात बाजूला करून
मी खाजवत बसलो, हलकेच,
नखं न लावता.