भाग सतरावा

आमच्या मालिकेत कुणी मरतं तेव्हा
मोईज माइकसमोर कडक भाकरी मोडतो.
ज्वारीची, आठवडाभर वाळलेली.
बरगडीला एक पुरते, मांडीच्या हाडाला दोन, एकावर एक.
मणक्याला अख्खी चवड लागते,
म्हणून मणका आम्ही क्वचितच मोडतो.

चित्रं माझी.
नायनाच्या उरलेल्या आलेख-कागदांवर,
ज्यांवर तो चादरीचे मोर काढायचा.
तो म्हणतो, एक घर म्हणजे एक धागा.
मी म्हणतो, एक घर म्हणजे एक पिक्सेल.
भांडण तेवढंच आहे आमच्यात.

इरेश आकडे लावतो : बळ, वेग, दम, शस्त्र.
पुराव्याशिवाय काही धरत नाही.
"कुठल्या गोष्टीत उचलला बे त्यानं डोंगर? दाखव."
सोळा भागांत सोळा वैरं लावली आम्ही
ज्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती त्यांच्यात :
उलट्या पायांचा कप्तान आणि बत्तीस सुळ्यांची परी,
मीठ खाणारा राजपुत्र आणि विहिरीतली मावशी,
आणि नऊ वेळा जिंकलेला गिरणासुर.
पाठीवर पाडलेल्या गिरणीचं धुराडं, पोटात भोंगा.
भोंगा वाजला की समोरचा कितीही शूर असो,
निमूट रांगेत जाऊन उभा राहतो.
त्याला हरवणारं कुणी उरलं नव्हतं
अख्ख्या दाजी पेठेत.

मग मी धोट्याचं नाव घेतलं.

धोट्या नायनाचा.
वीतभर उंच, दोन्ही टोकांना निमुळता,
पोटातून दोरा सुटत जाणारा.
दुसरी पाळी संपवून आला की नायना सांगायचा, तेलुगूत.
अम्मा सुपात पानं घेऊन बसलेली,
नऊशे विड्या झालेल्या, शंभर राहिलेल्या.
धोट्या नदी ओलांडायचा, तीन शहरं ओलांडायचा,
राक्षसाच्या दारात पोचायचा
आणि नायना घोरायला लागायचा.
रोज. तिथंच. दारात.

इरेशनं रकाने उघडले.
बळ? माहीत नाही.
शस्त्र? दोरा.
आजवरचे विजय?
एकही लढाई पुरी झालेली नाही, मी म्हणालो.
"म्हणजे हरलेला पण नाही की,"
मोईज म्हणाला, तोंडात गिरणासुराची पुढची बरगडी.
इरेशनं बराच वेळ पेन धरून ठेवलं
आणि रकाना तसाच सोडला.

चाळीस सेकंदांच्या लढाईला अकरा रात्री लागल्या.
एप्रिल. पत्रा रात्री दोनलाही तापलेला,
लॅपटॉपखाली ओलं फडकं, ते दर अर्ध्या तासाला वाळायचं.

भोंगा वाजला.
धोट्या रांगेत उभा राहिला नाही,
कारण त्याला उभं राहताच येत नाही,
तो फक्त इकडून तिकडे जातो.
इकडून तिकडे. तिकडून इकडे.
गिरणासुराच्या पायांमधून, काखेतून, धुराड्याला वळसा घालून.
तीस सेकंद काही घडतच नाही,
नुसतं कापड वाढत जातं.
शेवटी आत कोण आहे दिसेनासं होतं.
उरतं एक मोठं गाठोडं,
आणि त्यावर, मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून,
मोर.

"भाकरी कधी मोडू?" मोईजनं विचारलं.
नको मोडू, म्हणालो. खाऊन टाक.

प्रेक्षक चिडले. मेला की नाही ते सांगा.
हा काय निकाल झाला?
इरेश दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

नायनानं पाहिलं शेडच्या दारात उभं राहून,
माझा फोन हातभर लांब धरून.
मागं चार माग खडखडत होते,
भोंगा त्याला ऐकूसुद्धा आला नसेल.
दोनदा पाहिलं.
"मोराची मान," तो म्हणाला, "दोन घरं लांब झाली.
विणायला घेतलास तर धागा तुटेल तिथं."
फोन परत दिला, हात पुसले,
आणि आत जाता जाता, मागांच्या वर आवाज चढवून :
"दार कुणी उघडलं रे त्याला?"