मोजणी

सकाळी सातच्या आत बसावं लागतं.
भुसावळात मे महिन्यात साडेआठनंतर
कुंचला टेकेपर्यंत रंग वाळतो,
ओलं पसरायला हवं त्या आकाशाला
पत्र्यासारख्या कडा येतात.

समोर कमल सदन, १९८४.
मधला म गळालाय, खिळ्यांची भोकं तेवढी उरलीत.
खाली चक्की, शटरवर पिठाचा थर,
वर तीन मजले, कुणा कॉन्ट्रॅक्टरनं उरकलेले.
बावीस वर्षं याच्यासमोरून
विम्याचे हप्ते गोळा करत गेलो,
आणि रंग विचारला असता कुणी
तर सांगता आला नसता.

आता बघतो तर तो एक रंग नाहीच.
पाइपाच्या सांध्याखाली हिरवट काळा,
कूलरखाली ओघळलेला गंज,
पोस्टर सोलून निघालं तिथं
कुठल्यातरी जुन्या दिवाळीचा गुलाबी.
ओल्या पिवळ्यात थेंबभर जांभळा सोडला
की सावली आपली आपण बसते
हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं.
इंटरमिजिएटला सी ग्रेड होती.

एक डोळा मिटून, पेन्सिल हात लांब धरून
खिडकी अंगठ्यानं मापत होतो,
तेवढ्यात वरून आवाज:
"ओ भाऊ, काय मोजी राह्यले?
पाडतात का काय?"

नाही. चित्र काढतोय.
"कशाचं?"
याचंच.

बाई मागं वळून भिंतीकडे बघते.
मग भराभर कठड्यावरची गोधडी आत,
बादली आत, केरसुणी आत,
पाहुणे जिन्यात आल्यासारखी.
राहू द्या, म्हणेपर्यंत
चित्रातला एकुलता लाल निघून गेला.

द्वारकाबाई झोपे खाली येतात, पदराला हात पुसत.
"आमची खिडकी कोन्ती?"
मी बोट ठेवतो.
"इथं तर काहीच नाही लावलं."
कागद कोरा सोडलाय. ते ऊन आहे.

बराच वेळ काही बोलत नाहीत.
चक्की सुरू होते.
"हो," म्हणतात, "सकायी असंच येतं.
डोये उघडत नाहीत."

डब्यातलं गढूळ पाणी मी नालीत ओतणार,
तर हातातून डबाच घेतात.
नळाला आठ दिवसांनी येतं, फेकता काय?
वर, तेलाच्या पिंपातल्या कण्हेरीला
कमल सदनची सगळी धुवण मिळते.

घरी येऊन गोधडी आठवून भरली.
मोजणीत जरा मोठीच आली,
खिडकीहून मोठी.
तशीच ठेवलीय.