तीन हाका

अंबडच्या आमच्या लॅबमध्ये एक खोली आहे,
आतून तांब्याच्या जाळीने मढवलेली.
दार लावलं की मोबाइलच्या दांड्या एकेक करून मावळतात
आणि आपण कुणालाच सापडत नाही.
तिथे गेले अकरा दिवस मी
एका पांढऱ्या डबीसमोर बसून आहे.

डबीला कान एकच.
बोलणारे तिघे.

वाय-फाय म्हणजे लग्नातला काका,
सुरू झाला की पुढ्यातलं ताट गार होतं.
ब्लूटूथ सेकंदाला सोळाशे उड्या मारतं,
आत्ता या फांदीवर, म्हणेस्तोवर त्या.
आणि झिगबी?
तो अर्ध्या मिनिटातून एकदा फक्त आकडा सांगतो.
शून्य पूर्णांक चार.
शून्य पूर्णांक पाच.
पोच मिळाली नाही तर पुन्हा सांगतो,
पुन्हा,
पुन्हा,
मग गप्प बसतो.
रुसत नाही. तसा नियमच आहे.

फेब्रुवारीत पिंपळगावच्या शीतगृहात
रात्री अडीचला कंटेनर भरत होता.
ब्लूटूथचा वजनकाटा पेटीमागून पेटी मोजत होता,
साडेचार किलो, साडेचार किलो, चार सहाशे,
आणि डबीचा कान त्याच्याच तोंडाला लागलेला.
तीन नंबरच्या चेंबरमध्ये आकडा चढत गेला.
दोन. पाच. नऊ.
प्रत्येकाने हाका मारल्या नियमाप्रमाणे.
सकाळी द्राक्षांच्या काड्या तपकिरी.
बोरस्ते शेठ फोनवर एवढंच म्हणाले,
"तुमची डबी झोपली होती का हो?"

नाही शेठ. टक्क जागी होती.
दुसऱ्याचं ऐकत होती.

मग मीटिंग. टेबलावर एक स्पीकरफोन,
पलीकडे पुणे, अलीकडे आम्ही सहा जण,
पोलीस जेवायला गेल्यावरचा द्वारका चौक.
मी बोलले अग्रक्रमाबद्दल, वेळेच्या वाटणीबद्दल,
काट्याला किती तुकडे द्यायचे, सेन्सरला किती.
चांगलं बोलले. पुणे "करेक्ट, करेक्ट" म्हणालं.

परवा रात्री त्याच मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकलं,
एक तारीख हवी होती म्हणून.
अकराव्या मिनिटाला खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि
"...राचं..."
एकोणिसाव्या मिनिटाला, माझ्याच वाक्याखाली दबलेलं,
"मॅडम, ते दा..."
चौतिसाव्याला नुसता घसा खाकरला कुणीतरी.
त्यानंतर काही नाही.

इद्रिसभाई. डबी बसवायला तेच गेले होते,
उलगडा करायलाही तेच.
शिडी, पक्कड, डब्यात दोन पोळ्या,
एस.टी.ने गेले, एस.टी.ने आले.
प्रवासखर्चाच्या कागदावर मीच सही केली होती.

कोडमध्ये मी आता एक ओळ घातली आहे.
जो जास्त वेळ थांबला त्याचा नंबर आपोआप वर सरकतो.
कितीही मोठ्याने बोलत असो काटा,
अडीच मिलिसेकंद त्याने तोंड मिटायचं.
जाळीच्या खोलीत हे झकास चालतं.
दहा हजार हाकांत एकही वाया गेली नाही.

काल दुपारी पांडवलेण्याकडून ऊन्हाची झळ येत होती,
गेटवरच्या टपरीशी ते एकटे चहा पीत होते.
"मीटिंगमध्ये काय सांगत होतात?"
"आता काय, झालंच की मॅडम."
मी थांबले. खरं तर घाई होती, पण थांबले.
त्यांनी बशीतला चहा संपवला.
कप पालथा घातला.

"तीन नंबरच्या दाराचं रबर फाटलंय," म्हणाले,
"खालच्या कोपऱ्यात, वीतभर.
हात लावला की बाहेरची हवा लागते.
आकडा खरंच चढला होता. डबी सांगती तरी
दार तसंच राहिलं असतं."

मग विचारलं,
"अजून तसंच असेल का?"